वाऱ्याचा डोळा

संस्कृतात खिडकीला दोन मोठी अर्थपूर्ण नावे आहेत. एक वातायन, म्हणजे वाऱ्याची वाट. आणि दुसरे गवाक्ष, म्हणजे बैलाचा डोळा. कार्ल्याच्या लेण्यात जाऊन चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरची ती घोड्याच्या नालेसारखी भव्य कमान ज्यांनी पाहिली असेल, आणि तिच्यातून आत झिरपणारा उजेड स्तूपावर पडलेला ज्यांनी अनुभवला असेल, त्यांना खिडकीला डोळा का म्हणावे हे निराळे सांगावयास नको. मौज अशी, की आपल्यापासून हजारो मैल दूर, बर्फाच्या मुलखात राहणाऱ्या लोकांनाही नेमकी हीच उपमा सुचली. इंग्रजीतला 'विंडो' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या 'विंडऔगा' या शब्दावरून आला, आणि त्याचा अर्थ 'वाऱ्याचा डोळा' असा आहे. आपले वातायन आणि आपला गवाक्ष यांचा जणू त्यांनी एकच शब्द करून टाकला!

शब्द सारखे असले तरी त्यामागचा अनुभव मात्र अगदी उलटा आहे. आपल्याकडे वारा हा पाहुणा. चैत्र-वैशाखात त्याने खिडकीतून यावे म्हणून आपण वाळ्याचे पडदे भिजवून त्याची वाट पाहतो. तिकडे वारा हा चोर. तो फटीतून शिरतो आणि चुलीने रात्रभर साठवलेली ऊब घेऊन पसार होतो. त्या लोकांना खिडकीतून हवा होता फक्त उजेड. आपण काचेच्या खिडकीला जो तिसरा शब्द वापरतो, तावदान, तो फारसीतून आलेला आहे. आणि फारसीत 'ताब' म्हणजे प्रकाशही आणि उष्णताही. थंड देशांतल्या खिडकीचा सारा इतिहास या एका शब्दात सामावला आहे. उजेड आत यावा आणि ऊब बाहेर जाऊ नये, या दोन इच्छांचे भांडण माणसाने कसकसे मिटवले, त्याची ही कथा.

ही कथा आज मराठी वाचकाला परकी राहिलेली नाही. आपली कितीतरी मुलेबाळे टोरांटोत, शिकागोत, म्युनिकमध्ये, स्टॉकहोममध्ये घरे करून राहिली आहेत. जुने घर विकत घ्यावे, पहिला हिवाळा यावा, खिडकीपाशी बसवेनासे व्हावे आणि मग प्रश्न पडावा की या खिडक्या बदलाव्या का, आणि बदलाव्या तर कोणत्या घ्याव्या, हे तिथल्या संसारातले नित्याचे प्रकरण आहे. विक्रेत्याचे माहितीपत्रक या प्रश्नाचे उत्तर एका दमात देते. इतिहासाचे उत्तर जरा सावकाश येते, पण ते अधिक विश्वासाचे आहे.

प्रारंभी काच नव्हतीच. आइसलंडमधील गवताच्या ढेपांनी बांधलेल्या घरांत छपराला लहानसे भोक ठेवीत आणि त्यावर जनावराच्या गर्भाशयातला पातळ पडदा ताणून बसवीत. त्यातून दिसत काही नसे. दुधट उजेड तेवढा येई. रशियात अभ्रकाचे पातळ पापुद्रे काढून खिडक्यांना लावीत. मॉस्कोच्या राज्यातून येणारी ही 'काच' युरोपात इतकी प्रसिद्ध झाली, की खनिजशास्त्रात त्या अभ्रकाचे नावच 'मस्कोव्हाइट' पडले. इतरत्र तेल लावलेला कागद असे, नाहीतर शिंगाचे तासलेले पापुद्रे. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक तर बर्फाच्या घराला गोड्या पाण्याच्या स्वच्छ बर्फाची लादी खिडकी म्हणून बसवीत. ज्या थंडीपासून जीव वाचवायचा, तिचीच खिडकी करायची. माणसाच्या हिकमतीचा याहून सुंदर नमुना मिळणे कठीण.

काचेची खिडकी पहिल्यांदा सर्रास वापरली रोमन लोकांनी. पाँपेई येथील स्नानगृहांत तिचे अवशेष सापडले आहेत. रोमन साम्राज्य मोडले आणि ही कला बरीचशी चर्चच्या रंगीत काचांपुरती उरली. सामान्य माणसाच्या घरात काच यावयास आणखी कित्येक शतके जावी लागली. इंग्लंडात सोळाव्या शतकातही ती इतकी मोलाची होती, की घराचा भाग म्हणून नव्हे तर भांड्याकुंड्यांप्रमाणे चीजवस्तू म्हणून तिचा सांभाळ होई. सन १५६७ मध्ये ॲनिकच्या किल्ल्याची पाहणी करणाऱ्याने अशी शिफारस केली, की धनीसाहेब गावाला गेले म्हणजे खिडक्यांच्या काचा काढून नीट ठेवाव्या, नाहीतर वाऱ्याने त्या खराब होतात. आपल्याकडे लग्नकार्य आटोपल्यावर चांदीची ताटे कपाटात ठेवतात, तशातलाच हा प्रकार!

पण काच आली म्हणून थंडी गेली नाही, हे राजेलोकांनाही कळून चुकले. चौदाव्या लुईने व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ साली आरसेमहाल पुरा केला. एका बाजूला सतरा उंचच उंच खिडक्या आणि समोर साडेतीनशेहून अधिक आरसे, असे ते वैभव. पुढे १७०९ च्या जानेवारीत युरोपवर थंडीची अशी लाट आली, की त्याच राजवाड्यातील काही दालनांत, शेकोट्या पेटलेल्या असताना, कपाटातील मद्ये गोठून बाटल्या फुटल्या. दरबारातील सरदार सँ-सिमोन याने ही हकीकत आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. काचेची एकेरी खिडकी उजेडासाठी उत्तम, पण उबेच्या बाबतीत ती जवळजवळ उघड्या भोकासारखीच, हा धडा युरोपातल्या सर्वांत श्रीमंत घराने असा घेतला.

राजाची ही गत, मग गरिबाचे काय? त्याच्यापुढे दुहेरी संकट होते. सन १६९६ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याच्या सरकारने खिडक्यांवर कर बसवला. उत्पन्न मोजायचे तर घरात शिरून चौकशी करावी लागते. खिडक्या रस्त्यावरून मोजता येतात, असा हा साधा सरळ हिशेब. श्रीमंताने जास्त द्यावे हा हेतू चांगला होता. पण मोठ्या शहरांतल्या चाळवजा इमारतीही एक घर म्हणून मोजल्या जात. मग मालक कर वाचवण्यासाठी खिडक्या विटांनी बुजवून टाकी आणि आतली भाडेकरू कुटुंबे अंधारात आणि कोंदट हवेत दिवस काढीत. डॉक्टर ओरडले, चार्ल्स डिकन्सनेही आपल्या साप्ताहिकातून या करावर टीका केली, तरी तो जावयास १८५१ साल उजाडावे लागले. फ्रान्सने १७९८ साली दारे-खिडक्यांवर असाच कर बसवला, आणि तो तर १९२६ पर्यंत टिकला. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' या कादंबरीतला सत्शील बिशप एका प्रवचनात ज्यांना दाराखेरीज दुसरे भोकच नाही अशा लाखो झोपड्यांचा हिशेब मांडतो, तो याच कराच्या संदर्भात. देवाने फुकट दिलेला उजेड माणसाने विकत दिला, हे त्या काळच्या संवेदनशील मनाचे शल्य होते.

ज्या १८५१ साली इंग्लंडातला खिडकीकर गेला, त्याच वर्षी लंडनच्या हाइड पार्कात जोसेफ पॅक्स्टनचा स्फटिकमहाल उभा राहिला. काचेवरचा जकातीसारखा कर त्याआधी सहा वर्षे, १८४५ मध्ये, उठला होता. म्हणूनच सुमारे तीन लाख काचांची ही इमारत शक्य झाली. यापुढे काच स्वस्त होत गेली, खिडक्या मोठ्या झाल्या, आणि उजेडाचा प्रश्न बहुतांशी सुटला. आता उरला उबेचा.

या प्रश्नाची किल्ली त्याआधीच एका विलक्षण माणसाच्या हाती लागली होती. बेंजामिन टॉम्सन हा मूळचा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूचा म्हणून त्याला देश सोडावा लागला, आणि नशिबाचे फेरे घेत तो बव्हेरियाच्या दरबारी जाऊन पोहोचला. तिथे त्याला काउंट रम्फर्ड हा किताब मिळाला. बव्हेरियाच्या सैनिकांना उबदार कपडे द्यावयाचे म्हणून त्याने लोकर, कापूस, पिसे, केसाळ कातडी यांवर प्रयोग केले, आणि १७९२ साली त्याने असे दाखवून दिले, की ऊब त्या लोकरीत नसते. लोकरीच्या तंतूंत अडकून निश्चल झालेल्या हवेत ती राखली जाते. आपल्या आजीला हे न शिकताच ठाऊक होते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून तिने जी गोधडी शिवली, तिची ऊब कापडापेक्षा थरांमधल्या कोंडलेल्या हवेची असते. थंड देशांतली चांगली खिडकी म्हणजे पारदर्शक गोधडी, एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सारे शास्त्र सोपे होते.

शास्त्रज्ञांची वाट न पाहता कारागिरांनी ही गोधडी शिवायला घेतलीच होती. आल्प्सच्या परिसरात शरद ऋतूत माळ्यावरून 'हिवाळी खिडक्या' उतरवीत आणि नेहमीच्या खिडकीपुढे दुसरा थर म्हणून बसवीत. वसंतात त्या परत माळ्यावर जात. व्हिएन्नामध्ये यातूनच पेटीखिडकी निघाली. तिच्यात वीतभर अंतराने कायमच्या दोन खिडक्या असतात आणि मधल्या जागेत तळाशी लांबट उशी ठेवतात. रशियात आतली दुसरी चौकट बसवून मधे कापूस भरीत आणि फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवीत. सारी खिडकी अशी बंद झाल्यावर हवा हवी म्हणून वरच्या कोपऱ्यात एक छोटे उघडते तावदान ठेवीत. त्याला 'फोर्तोच्का' म्हणत. आपल्याकडे पावसाळ्याआधी घर शाकारतात, तसा हा त्यांचा वार्षिक सोहळा होता. पहिली चौकट निघाली की वसंत आला, असे तिथली मुले मानीत.

दोन काचा कायमच्या एकत्र जोडून मधली हवा कोंडून टाकावी ही कल्पना न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेटसनने मांडली, आणि १ ऑगस्ट १८६५ रोजी तिचे अमेरिकन पेटंट घेतले. कल्पना अचूक होती, परंतु कडा हवाबंद ठेवील असे साहित्य त्या काळी नव्हते. त्यामुळे खरी जोडकाच बाजारात यावयास १९३० चे दशक उजाडावे लागले. तेव्हा अमेरिकेत ती 'थर्मोपेन' या नावाने विकली जाऊ लागली. त्यानंतरही बहुतेक लोकांनी तिच्याकडे दुर्लक्षच केले. तेल आणि वायू इतके स्वस्त होते, की ऊब वाया जाते याची कोणाला खंतच नव्हती.

ही बेफिकिरी १९७३ च्या ऑक्टोबरात संपली. अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि काही महिन्यांत पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव चौपटीच्या घरात गेला. हॉलंड, डेन्मार्क, पश्चिम जर्मनी या देशांत रविवारी मोटारी चालवण्यास बंदी झाली. कॅलिफोर्नियात बर्कली येथे आर्थर रोझेनफेल्ड नावाचा भौतिकशास्त्रज्ञ होता. एन्रिको फर्मीचा शिष्य, अणूच्या अंतरंगातील कणांचा अभ्यास करणारा. एका शुक्रवारी रात्री घरी निघताना त्याच्या मनात आले, की आपल्या मजल्यावरच्या वीस खोल्यांचे दिवे शनिवार-रविवार उगाच जळत राहणार. ते घालवून जावे. पण बटणे शोधू गेला तर ती पुस्तकांच्या फडताळांमागे, कागदपत्रांच्या कपाटांमागे आणि भिंतीवरच्या चित्रांमागे दडलेली! ती शोधण्यातच त्याची वीस मिनिटे गेली. त्या वीस मिनिटांनी त्याचा व्यवसाय बदलला. कणांचे शास्त्र सोडून त्याने ऊर्जेच्या बचतीचे शास्त्र हाती घेतले, आणि बर्कलीच्या प्रयोगशाळेत त्याने उभ्या केलेल्या मंडळींत स्टीफन सेल्कोविट्झ याने खिडकीचा प्रश्न आपल्याकडे घेतला.

या मंडळींपुढचा पेच समजण्यासारखा आहे. दोन काचांमधली हवा कोंडली, तरी एका काचेकडून दुसरीकडे उष्णता किरणांच्या रूपाने जातच राहते. साध्या जोडकाचेत मधल्या पोकळीतून जाणाऱ्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक अशी किरणांनीच जाते. याला उपाय काय? उपाय आपल्या प्रवासाच्या पिशवीत असतो. जेम्स ड्यूअरने १८९२ साली थर्मासची बाटली बनवली, तिच्या आतल्या काचेला चांदीचा मुलामा असतो. चांदी उष्णतेचे किरण परत फिरवते. पण खिडकीला चांदीचा मुलामा दिला तर तिचा आरसा होईल. तेव्हा चांदीचा थर इतका पातळ हवा, की उजेड त्यातून पार व्हावा आणि खोलीतली ऊब मात्र परत फिरावी. एका मिलिमीटरचा सुमारे एक लक्षांश भाग, एवढ्या जाडीचे असे थर निर्वात पेटीत काचेवर बसवण्याची विद्या साध्य झाली, आणि १९८० च्या सुमारास अशा खिडक्या बाजारात येऊ लागल्या. आज थंड देशांत नवी खिडकी घेताना हा अदृश्य मुलामा नसलेली खिडकी कोणी जाणकार घेणार नाही.

त्यात आणखी एक भर पडली. पोकळीत हवेऐवजी आर्गॉन वायू भरू लागले. हा वायू आपण प्रत्येक श्वासात घेतो. हवेत तो सुमारे एक टक्का असतो. रॅले आणि रॅम्से यांनी १८९४ साली त्याचा शोध लावला, आणि तो कशाशीच संयोग पावत नाही म्हणून ग्रीक भाषेतल्या 'आळशी' या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव ठेवले. उष्णता वाहून नेण्यातही तो हवेपेक्षा मंद. आळसाचा असा सदुपयोग जगात क्वचितच झाला असेल!

या प्रगतीचे माप एका आकड्यात मावते. त्याला यू-मूल्य म्हणतात. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता निसटते, ते हा आकडा सांगतो. तो जितका लहान तितकी खिडकी चांगली. एकेरी काचेचे यू-मूल्य सुमारे ५.८, साध्या जोडकाचेचे २.८, मुलामा आणि आर्गॉन असलेल्या जोडकाचेचे सुमारे १.२, आणि तशाच तिहेरी काचेचे ०.६ च्या आसपास असते. दीड चौरस मीटरची एक खिडकी घ्या. खोलीत २० अंश, बाहेर उणे १० अंश. एकेरी काचेतून सुमारे २६० वॅट, जोडकाचेतून १२६, मुलामा दिलेल्या जोडकाचेतून ५४, आणि तिहेरी काचेतून अवघे २७ वॅट निसटतात. घरात अशा दहा खिडक्या असल्या, तर एकेरी काचेच्या पायी अडीच हजार वॅटची शेगडी अहोरात्र अंगणात पेटवून ठेवल्यासारखे होते.

दुसराही एक हिशेब आहे, आणि तो अंगाला कळतो. त्याच थंडीत एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग शून्याखाली जातो. म्हणूनच जुन्या घरांत काचेवर बर्फाची नाजूक फुले उमटत. जोडकाचेचा पृष्ठभाग ९ अंशांच्या आसपास राहतो, तिहेरी काचेचा १७ च्याही वर. खिडकीपाशी बसल्यावर पाठीवर जो गार झोत येतो, तो पुष्कळदा फटीतून आलेला नसतोच. गार काचेला लागून थंड झालेली खोलीतलीच हवा खाली घसरत असते. काच उबदार झाली की झोत थांबतो, काचेवर दव धरत नाही, चौकट कुजत नाही आणि बुरशीही धरत नाही. बर्फाची फुले मात्र गेली. जुनी माणसे त्यांची आठवण काढतात, पण त्यांच्यासाठी पुन्हा थंडीत कुडकुडायला कोणी तयार नाही.

देशोदेशींची सरकारेही जागी झाली. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर २ फेब्रुवारी १९७७ रोजी लोकरी कोट घालून दूरचित्रवाणीवर आले आणि त्यांनी लोकांना दिवसा घर ६५ अंश फॅरनहाइटवर आणि रात्री ५५ वर ठेवण्याची विनंती केली. पुष्कळांना ते हास्यास्पद वाटले. स्वीडनने अंगात जास्त कपडे घालण्याऐवजी घरालाच कपडे घालण्याचे ठरवले, आणि त्याच दशकात इमारतींचे नियम इतके कडक केले, की तिहेरी काच तिथे नेहमीची होऊन गेली. जर्मनीत डार्मश्टाट येथे वोल्फगांग फाइस्ट याने १९९१ साली वस्तीला आलेली अशी घरे उभारली, की ज्यांना थंडीतही नेहमीच्या तापकयंत्रणेची फारशी गरज पडेना. 'पॅसिव्ह हाउस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बांधणीत थंड हवामानात चौकटीसकट संपूर्ण खिडकीचे यू-मूल्य ०.८ च्या वर जाऊ देत नाहीत.

येथवर वाचून एखाद्याला वाटेल, की मग उत्तर स्पष्ट आहे. जुन्या खिडक्या उपटाव्या आणि तिहेरी बसवाव्या. इंग्लंडात नेमके हेच झाले. एकोणीसशे सत्तर-ऐंशीच्या दशकांत दारोदार हिंडणारा जोडकाचांचा विक्रेता हा तिथल्या विनोदाचा हुकमी विषय होता. त्याच्या आग्रहापायी शंभर-शंभर वर्षे टिकलेल्या लाकडी खिडक्या उकिरड्यावर गेल्या आणि त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या आल्या. त्या जुन्या खिडक्यांचे लाकूड सावकाश वाढलेल्या झाडांचे, दाट कण्याचे होते. त्यांचा प्रत्येक तुकडा सुताराला निराळा काढून दुरुस्त करता येई. नव्या जोडकाचेच्या कडेचा चिकटा वीस-तीस वर्षांत दगा देतो, काचांच्या आत धुके साचते, आणि मग तिला दुरुस्ती नाही. सबंध काचजोड फेकून नवा आणावा लागतो.

म्हणून पुढे संशोधकांनी उलट प्रश्न विचारला: जुनी खिडकी ठेवून काय साधता येईल? स्कॉटलंडच्या वारसा खात्यासाठी २००८ साली ग्लासगोत जुन्या उभ्या सरकत्या खिडक्यांवर प्रयोग झाले. लाकडी झडपा रात्री लावल्या की काचेतून जाणारी उष्णता जवळजवळ निम्म्याने घटली. आतून दुसरी काचेची चौकट बसवली तर साठ टक्क्यांहून अधिक घटली. अमेरिकेतील ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय न्यासाने २०१२ साली काढलेला निष्कर्षही याच्याशी जुळणारा होता. जुनी खिडकी नीट करून तिला बाहेरून वा आतून दुसरा थर दिला, तर ती नव्या खिडकीच्या जवळपास जाते, आणि खर्च पुष्कळच कमी येतो. आल्प्समधली माळ्यावरची हिवाळी खिडकी अशी शास्त्राच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली!

तेव्हा परदेशी संसार थाटलेल्या आपल्या मुलाबाळांना इतिहासाचा सल्ला द्यावयाचा तर तो असा देता येईल. आधी वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती पेटवून चौकटीच्या कडेने फिरवा. धूर हेलकावला तर दोष फटीचा आहे. लांबी आणि पट्ट्या यांच्या थोड्या खर्चात तो जातो. माळ्यावर उष्णतारोधक थर नसेल तर खिडकीआधी तिथे पैसा घाला. तो लवकर वसूल होतो. खिडकीच्या बदलाची किंमत नुसत्या इंधनाच्या बचतीतून भरून निघायला कित्येकदा दशके लागतात. लाकूड धड असेल तर दुसरा थर जोडा. चौकट कुजली असेल, काचांत धुके साचले असेल, तर मात्र खुशाल बदला.

बदलताना नुसत्या काचेचा आकडा विचारू नका. चौकटीसकट संपूर्ण खिडकीचा विचारा, कारण विक्रेते काचेच्या मध्यभागाचा गोंडस आकडा पुढे करतात. अमेरिकेत मोजमापाची पद्धत निराळी असल्याने तिथला आकडा ५.७ ने गुणावा, म्हणजे युरोपचा आकडा निघतो. ॲल्युमिनियम लाकडाच्या हजारपटीहून अधिक उष्णता वाहते; मध्ये रोधक पट्टी नसलेली तसली चौकट थंडीत घेऊ नये. दोन काचांमधले अंतर बारा ते सोळा मिलिमीटर उत्तम. फार वाढवले तर आतली हवा फिरू लागते आणि गोधडीची शिवण उसवते. मुलाम्यातही जाती आहेत. ऊन अडवणारा मुलामा मुंबईसारख्या ठिकाणी योग्य. थंड देशात दक्षिणेच्या खिडकीला तो बसवला तर फुकट मिळणारी सूर्याची ऊब आपणच दारातून परत पाठवतो. आणि उत्तमातली उत्तम खिडकी भिंतीत नीट बसवली नाही, तिच्याभोवतीची फट बुजवली नाही, तर सारे मुसळ केरात. शेवटी, घर हवाबंद झाले की स्वयंपाकाची वाफ आणि श्वासांची दमट हवा आतच कोंडते. जर्मन लोक भर थंडीतही दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटे खिडक्या सताड उघडतात, ते उगाच नव्हे. तेवढ्यापुरता तो वाऱ्याचा डोळा उघडावाच लागतो.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. खिडकीकर गेला, पण गरिबाच्या घरातली थंडी गेली नाही. ब्रेंडा बोर्डमन या विदुषीने १९९१ साली 'इंधनदारिद्र्य' या विषयावर ग्रंथ लिहून दाखवून दिले, की सर्वांत गळकी घरे सर्वांत गरिबांच्या वाट्याला येतात. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा कमी, त्यालाच उबेसाठी अधिक जाळावे लागते. घर मालकाचे आणि इंधनाचे बिल भाडेकरूचे. मग मालकाने चांगली खिडकी का बसवावी? युक्रेनमधील युद्धामुळे २०२२ साली युरोपात वायूची टंचाई झाली. जर्मनीला सरकारी कचेऱ्या १९ अंशांवर ठेवण्याचा नियम करावा लागला. त्या हिवाळ्यात कचेरीतला माणूस स्वेटर घालून भागवू शकला. गळक्या खिडकीच्या खोलीतली एकटी म्हातारी मात्र शेगडी आणि जेवण यांत निवड करीत बसली. ह्यूगोच्या बिशपला आज प्रवचन करावयाचे झाले, तर तो खिडक्या मोजणार नाही. खिडकीला थर किती, ते मोजील.

दिवाळीच्या सुमारास त्या मुलखांत थंडी सुरू झालेली असते. आपली मंडळी तिथेही खिडकीत पणती लावतात. त्या पणतीच्या साहाय्याने एक परीक्षा होते. संध्याकाळी अंधार पडल्यावर ती काचेजवळ धरून तिची प्रतिबिंबे मोजावी. दोन दिसली तर काच एकेरी, चार दिसली तर दुहेरी, सहा दिसली तर तिहेरी. आणि त्यांतले एखादे प्रतिबिंब बाकीच्यांहून निराळ्या रंगाचे दिसले, तर समजावे की तिथे चांदीचा तो अदृश्य मुलामा आहे. घरातली ऊब तो घरातच ठेवतो आहे, आणि पणतीचा उजेड मात्र बर्फातून चालणाऱ्या वाटसरूपर्यंत जाऊ देतो आहे.